तोफेची ताकद गोळ्याबरोबर किती जाते आणि तोफेपाशी किती उरते

हिंगण्याच्या एका मुलीने विचारलं आहे: "काका, माझा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून तोफखान्यात लागला. नाशिक रोडला ट्रेनिंग सुरू आहे. आईने बातम्यांत तोफेच्या अपघाताचं पाहिलं, तेव्हापासून 'काहून पाठवलं त्याले तिकडं' हे एकच लावून धरलं आहे. मोठ्या तोफेत ताकद असते तरी किती? ती डागणाऱ्यालाच धोका असतो का? आणि कानाचं खरंच काही होतं का?"

बेटा, मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता वाडीला राहतो. उमेदीची सगळी वर्षं तोफेजवळ गेली. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कोणी धड देत नाही: हो, कानाचं होतं, आणि नुसतं कानाचंच होत नाही. तोफ फुटणं दुर्मीळ आहे. कान जाणं दुर्मीळ नाही. आईची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. ती योग्य जागी बसावी म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

आपल्या सैन्यातल्या आजच्या बऱ्याच मोठ्या तोफा 155 मिलिमीटरच्या. बोफोर्स, धनुष, के-9 वज्र, एम-777, नवी अटॅग्स, सगळ्यांच्या नळीचा आतला व्यास हाच. गोळा 43 ते 46 किलोचा. त्यात टीएनटी हे स्फोटक साडेसहा-सात किलो, बाकी जाड पोलाद. बोफोर्सची नळी व्यासाच्या 39 पट लांब, म्हणजे सहा मीटर. त्या सहा मीटरांत गोळा जागच्या जागी असतो तो सेकंदाला 800 मीटरपेक्षा जास्त वेगाने बाहेर पडतो. नळीत तो राहतो सेकंदाच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढा. नळीच्या आतल्या पिळामुळे बाहेर पडताना तो सेकंदाला अडीचशेहून जास्त गिरक्या घेत असतो. मग सव्वा मिनिट हवेत, सात-आठ किलोमीटर उंच जाऊन, चोवीस किलोमीटरवर पडतो. सीताबर्डीच्या टेकडीवरून कामठी सरळ रेषेत पंधरा किलोमीटर भरेल. म्हणजे कामठी, कन्हान नदी, सगळं मागे टाकून तो पुढे जाईल. अटॅग्सने 2017 च्या चाचणीत 47 किलोमीटरच्या वर मारा केला. तिच्यापुढे रामटेकही अलीकडेच राहील.

आता ताकदीचा हिशेब. बाहेर पडणाऱ्या गोळ्यात जी ऊर्जा असते ती साधारण दीड कोटी ज्यूल. विजेच्या मीटरवर मांडली तर फक्त चार युनिट. तुमच्या घरी दिवसभरात त्याहून जास्त वीज जळत असेल. पण ती चार युनिटं तोफ सेकंदाच्या साठाव्या भागात देते, आणि तेवढ्या क्षणापुरती तिची शक्ती हजार मेगावॉटच्या घरात जाते. कोराडीचा 660 मेगावॉटचा एक अख्खा संच त्या क्षणी तिच्यापुढे कमी पडतो. दारू जळून नळीच्या मागच्या कोठीत हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून जास्त दाब तयार होतो. गोळ्याच्या बुडावर त्याचा रेटा सहाशे टनांच्या आसपास असतो.

माझं सगळं उत्तर या पुढच्या गोष्टीवर उभं आहे. तोच सहाशे टनांचा रेटा त्याच क्षणी उलट्या दिशेनेही असतो, ब्रीच ब्लॉकवर, म्हणजे नळीचं मागचं तोंड (ब्रीच) बंद करणाऱ्या पोलादी ठोकळ्यावर, आमच्या बाजूला. आणि चार्जच्या, म्हणजे गोळ्यामागे भरलेल्या, दारूत जेवढी ऊर्जा असते तिचा जेमतेम तिसरा हिस्सा गोळ्याबरोबर जातो. उरलेले दोन हिस्से तोफेपाशी राहतात. काही उष्णता होऊन पोलादात शिरते, काही तोंडातून स्फोटाची लाट होऊन बाहेर येते, थोडी नळीला मागे ढकलते, आणि थोडी न जळलेल्या वायूच्या रूपाने कोठीत दबा धरून बसते. गोळा शत्रूचा. हे दोन हिस्से आमचे. तुझा भाऊ जी ड्रिल शिकतो आहे, तिच्यातली निम्म्याहून जास्त याच दोन हिश्श्यांसाठी आहे.

यातला सगळ्यात ढोबळ आणि म्हणून सगळ्यात कमी माणसं खाणारा धोका म्हणजे धक्का, आम्ही रिकॉइल म्हणतो. टनावारी वजनाची नळी डोळा लवायच्या आत मीटरभर किंवा त्याहून जास्त मागे येते. तेल आणि दाबलेला नायट्रोजन वायू तिला अडवून पुन्हा पुढे नेतात. ट्रेलच्या, म्हणजे तोफेच्या मागच्या लांब पायांच्या, टोकाचे स्पेड (फाळ) जमिनीत रुततात म्हणून आख्खी तोफ मागे सरकत नाही. जमीन खडकाळ असली तर पहिले एक-दोन गोळे जाईपर्यंत तोफ नीट बसत नाही, तेव्हा अंतर जास्तच ठेवावं लागतं. ब्रीचच्या मागे, नळीच्या वाटेत कोणी उभं असेल तर वाचत नाही. पण हा धोका डोळ्यांना दिसतो, म्हणून पोरं पहिल्या आठवड्यातच त्याला भितात. भ्यायलाच हवं. दिसत नाही त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

स्फोटाची लाट दिसत नाही. कधीकधी थंड, दमट सकाळी तोंडाभोवती हवा क्षणभर थरथरल्यासारखी दिसते आणि पायाखालची धूळ एकदम उचलली जाते, तेवढंच. तिचा आवाज डेसिबलमध्ये मोजतात. एका फटक्याचा आवाज 140 डेसिबलच्या वर गेला की उघड्या कानाला इजा होऊ शकते, असं जगभर धरतात. मोठ्या तोफेजवळ, जिथे डिटॅचमेंटची, म्हणजे एक तोफ चालवणाऱ्या तुकडीची, माणसं उभी असतात तिथे, शिखराचा आकडा 170 च्या वर जातो. 140 आणि 170 मध्ये फरक तीसचा दिसतो, पण हे माप सरळ चढत नाही. दर वीस डेसिबलला दाब दहापट होतो. 180 म्हणजे 140 च्या शंभर पट दाब. 185 च्या आसपास कानाचा पडदा फाटायला सुरुवात होते.

कानाला स्वतःचं संरक्षण आहे. मोठा आवाज झाला की आतले बारीक स्नायू आखडतात आणि आवाज थोडा अडवतात. पण त्यांना त्यासाठी सेकंदाचा काही अंश लागतो आणि तोफेची लाट त्याच्या कितीतरी आधी आत पोचलेली असते. आत शंखासारख्या नळीत केसासारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात उंच सुराचे आवाज. चिमणीची चिवचिव, फोनची बारीक घंटी, बायकांच्या बोलण्यातले स आणि श. माणसाला वाटतं समोरचाच पुटपुटतो आहे. मग कानात शिट्टी सुरू होते, रात्री जास्त. माझ्या बॅचचे कितीतरी जण टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारी भिंत वाजवतात. घरचे चिडतात. त्यांना कळतच नाही की हा माणूस हट्टी नाही, त्याला खरंच ऐकू येत नाही.

तोंड उघडं ठेवायची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब थोडा सारखा व्हावा, हा त्यामागचा विचार. ठेवावं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. ते आतल्या पेशी वाचवत नाही. वाचवतात ते प्लग. फोमचा प्लग पिळून, कान वरच्या बाजूने धरून ओढून, खोल बसवला आणि तो फुगेपर्यंत बोटाने दाबून धरला तरच तो काम करतो. अर्धवट खोचलेला प्लग नुसता दाखवायला. त्यावर इअर मफ चढवले तर उत्तम. पोरं प्लग काढतात कारण नंबर वनचा, म्हणजे तोफेच्या प्रमुखाचा, हुकूम ऐकू येत नाही. माझं म्हणणं असं की हुकुमाला हाताची खूण असते, ती शिकून घे. प्लग काढू नकोस.

लाट सगळीकडे सारखी नसते. नळीच्या तोंडावर मझल ब्रेक असतो, भोकं पाडलेला जाड नळकांडा. तो बाहेर पडणारा वायू बाजूला आणि मागे वळवतो, त्यामुळे धक्का कमी होतो आणि तोफ हलकी बनवता येते. पण वळवलेला वायू येतो कुठे? आमच्याकडे. नळी खाली झुकलेली असेल तर जमिनीवरून लाट उलटून आणखी वाढते. वाळूच्या पोत्यांची भिंत जवळ असेल तर तिच्यावरूनही उलटते. पूर्ण चार्ज आणि कमी उंचीची नळी, हा सगळ्यात वाईट मेळ. म्हणून उभं राहायची जागा ठरलेली असते, आणि दोन पावलं इकडेतिकडे झाल्यानेही फरक पडतो.

कानाच्या पुढची गोष्ट गेल्या काही वर्षांत समोर आली आहे. 2017 मध्ये सिरियातल्या रक्का शहरासाठीच्या लढाईत अमेरिकी मरीन तोफखान्याच्या एका बटालियनने पाच महिन्यांत 35,000 गोळे टाकले. दोन तोफांच्या नळ्या जळून निकामी झाल्या. शत्रूचा गोळा ज्यांच्या जवळपासही पडला नव्हता, असे जवान घरी परतल्यावर डोकेदुखी, विसराळूपणा, झोप न येणं, भास होणं अशा तक्रारी घेऊन डॉक्टरकडे गेले. तोफेची लाट कानातूनच नाही, कवटीतून आणि छातीतूनही जाते. एका फटक्याने काही होत नाही. हजारोंनी होतं. 2024 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने चार पीएसआय (दर चौरस इंचावर चार पौंड) दाबाची रेषा ठरवली, त्यापुढे माणसाला काळजी घेतल्याशिवाय ठेवायचं नाही अशी. चार पीएसआय म्हणजे कानाचा पडदा फाटायच्या थोडं अलीकडे.

आपल्याकडे कारगिल आठव. 1999 मध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त तोफगोळे, उखळी बॉम्ब आणि रॉकेटं टाकली. दिवसाला सरासरी पाच हजार, आणि टायगर हिल घेतली त्या दिवशी नऊ हजार. द्रासच्या थंडीत, पाकिस्तानी तोफांचा मारा अंगावर घेत ती माणसं आठवड्यांमागून आठवडे तोफेजवळ उभी होती. आपण त्यांचा गौरव केला, करायलाच हवा. द्रासजवळच्या पॉइंट 5140 ला 2022 मध्ये गन हिल हे नाव मिळालं तेव्हा ऊर भरून आला. पण मला एक गोष्ट मनापासून मांडायची आहे. प्रत्येक तोफेचं एक हिस्टरी बुक असतं. कोणत्या दिवशी, कोणत्या चार्जवर किती गोळे गेले, त्यातून नळीची झीज किती झाली, सगळं लिहिलेलं. नळीचं आयुष्य गोळ्यांत मोजतात. माणसाच्या डोक्याचा आणि कानाचा असा हिशेब मी माझ्या नोकरीत कुठे पाहिला नाही. तो ठेवला पाहिजे. त्याला काही अवघड यंत्र लागत नाही, एक वही लागते.

नळीच्या झिजेवरून आठवलं. साधारण दीड ते अडीच हजार पूर्ण चार्जच्या गोळ्यांनंतर अशी नळी बदलतात. प्रत्येक गोळा नळीत असतो सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा. गुणून बघ. नळीचं सगळं कामाचं आयुष्य जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. त्या अर्ध्या मिनिटात पोलादाची आतली कातडी दोन-अडीच हजार अंशांच्या वायूने भाजून निघते, तडकते, झिजते.

उष्णतेचा दुसरा धोका जास्त फसवा आहे. लागोपाठ मारा झाला की नळी एवढी तापते की हात लावता येत नाही. अशा नळीत चार्ज ठेवून दिला आणि काही कारणाने डागला नाही, तर तो आपणहून पेटू शकतो. त्याला कुक-ऑफ म्हणतात. आणि इथेच मिसफायरची ड्रिल माणसाची परीक्षा घेते.

पोखरणची एक दुपार सांगतो. मारा चालू होता. नंबर वनने हात खाली केला, दोरी ओढली गेली, खट्ट एवढा आवाज आला आणि बाकी काही नाही. "मिसफायर!" सगळे जागच्या जागी थिजले. नवा पोरगा होता, त्याचा पाय आपोआप ब्रीचकडे वळला. नंबर वनने मान न वळवता डावा हात आडवा केला, आणि तो पोरगा त्या हाताला येऊन टेकला. कोणी बोललं नाही. दारू कधी कधी उशिरा पेटते, म्हणून ठरलेला वेळ थांबायचंच, आणि थांबताना नळीच्या वाटेत कोणी नसलं पाहिजे. पण नळी गरम असेल तर फार थांबणंही धोक्याचं. म्हणून किती गोळे गेले, किती वेळात गेले, हे नंबर वनच्या डोक्यात सतत चालू असावं लागतं. थंड नळीला थांब, गरम नळीला लवकर निर्णय घे. त्या दिवशी नळी थंड होती. थांबलो, प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बदलला, गोळा गेला. दोष प्रायमरचाच होता, तो आतून ओलसर झालेला. ब्रीचला तेव्हाच हात घातला असता आणि दारू उशिरा पेटली असती, तर वायू तोंडाकडे जायच्या ऐवजी आमच्याकडे आला असता.

मागे दबा धरून बसलेल्या वायूबद्दलही ऐक. दारू पुरती जळत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन नळीत उरतात. ब्रीच उघडला, बाहेरची हवा आत गेली, आणि आत एखादी धुमसती चिंधी असेल तर ज्वाळा मागच्या बाजूने बाहेर येते. बोफोर्ससारख्या तोफेत चार्ज कापडी पिशव्यांत असतो, त्यामुळे पिशवीचा धुमसता तुकडा मागे राहायची शक्यता असते. म्हणून दर गोळ्यानंतर कोठीत बघायचं, पुसायचं, मगच पुढचा चार्ज. 1924 मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी युद्धनौकेवर अशीच ज्वाळा उलटली आणि बंदिस्त टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या पोलादी बुरुजात, 48 खलाशी मेले. 1989 मध्ये आयोवा या युद्धनौकेच्या 16 इंची तोफेच्या टरेटमध्ये ब्रीच बंद व्हायच्या आधीच दारू पेटली आणि 47 जण गेले. नौदलाने आधी मेलेल्याच एका खलाशावर ठपका ठेवला. पुढे तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा दारूच्या पिशव्या यंत्राने जास्त जोरात आणि जास्त खोल ठासल्या गेल्या असाव्यात अशी शक्यता निघाली, आणि 1991 मध्ये नौदलाला त्या खलाशाच्या घरच्यांची माफी मागावी लागली. अपघात झाला की सगळ्यात आधी माणसावर बोट दाखवायची घाई करू नये, हे मी त्यावरून शिकवत आलो.

ठासण्यावरून सांगतो, कारण ही बारीक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. गोळ्याभोवती तांब्याचा पट्टा असतो, ड्रायव्हिंग बँड. गोळा आत ढकलला की तो पट्टा नळीच्या पिळाच्या सुरुवातीला घट्ट रुतला पाहिजे. रुतला की पोलादाचा एक भरीव, छोटा नाद येतो. जुन्या माणसाला तो नाद आला की कळतं, बसला. नाद पोकळ किंवा ओढल्यासारखा आला तर थांबायचं. नीट न बसलेला गोळा नळी वर उचलल्यावर मागे घसरून चार्जवर टेकू शकतो. मग दारू पेटते तेव्हा गोळा वाकडा सुरू होतो किंवा दाब भलतीकडेच चढतो. गोळ्यापेक्षा त्या नादाकडे कान लाव, असं मी प्रत्येक नव्या पोराला सांगायचो. तेवढ्यासाठी तरी कान शाबूत राहायला हवेत.

आता नळी फुटण्याबद्दल. सप्टेंबर 2017 मध्ये पोखरणला चाचणीत एम-777 ची नळी फुटली, सुदैवाने कोणाला लागलं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये तिथेच अटॅग्सच्या चाचणीत नळी फुटून चौघे जखमी झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये नाशिकला इंडियन फील्ड गनच्या सरावात स्फोट होऊन दोन अग्निवीर गेले. आईने बहुधा हीच बातमी पाहिली असेल. ती पोरं तुझ्या भावाच्याच वयाची होती, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. म्हणून कोणत्या एका अपघाताचं कारण मी इथे सांगणार नाही, ते चौकशीचं काम आहे. सर्वसाधारणपणे नळीत स्फोट होण्याची कारणं अशी असतात: नळीत कापड, माती, पाणी असा अडथळा राहणं, गोळ्याच्या पोलादात बारीक तडा असणं, आत भरलेल्या टीएनटीत पोकळी राहणं, जी त्या प्रचंड झटक्यात दाबली जाऊन तापते आणि पेटते, फ्यूजमध्ये, म्हणजे गोळा फोडणाऱ्या कळीत, दोष, जुनी झिजलेली नळी, किंवा उन्हात पडून तापलेला चार्ज.

झटका किती असतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो: सुटताना गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींहून जास्त जोर येतो. एवढं सोसून तो नळीत शांत राहतो, हीच कारागिरी आहे. फ्यूजमध्ये कुलपं असतात. एक सुटतानाच्या झटक्याने उघडतं, एक गिरक्यांनी. दोन्ही एका मागोमाग मिळाल्याशिवाय आणि तोंडापासून पुरेसं दूर गेल्याशिवाय फ्यूज जागा होत नाही. म्हणून चालवताना हातातून पडलेला गोळा सहसा फुटत नाही. पण पडलेला गोळा डागायचाही नाही, बाजूला ठेवायचा.

उन्हाचं तुम्हाला नागपूरच्या माणसांना समजवायला नको. मे महिन्यात 45-46 अंश झालं की उघड्यावर पडलेली लोखंडी वस्तू हाताला चटका देते. चार्जची दारू तापलेली असेल तर ती वेगाने जळते, दाब वाढतो, गोळा नेमक्यापेक्षा पुढे पडतो. म्हणून चार्जचं तापमान मोजून गणितात घालतात, आणि दारूगोळा ताडपत्रीखाली, हवा खेळती राहील असा ठेवतात. ताडपत्री थेट अंगाला लागू द्यायची नाही, मध्ये जागा ठेवायची. हे कंटाळवाणं काम वाटतं, पण नवीन पोराच्या हातात सगळ्यात आधी हेच येतं आणि याच कामावर पुढच्या सगळ्यांचा जीव असतो.

आपल्या विदर्भाचा यात मोठा वाटा आहे, आणि तो नागपूरकरांनाच नीट माहीत नसतो. अंबाझरीच्या कारखान्यात गोळ्यांची, रॉकेटांची धातूची कामं होतात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दारू आणि स्फोटकं बनतात. भद्रावतीजवळ चांदा कारखान्यात गोळे भरले जातात. पुलगावला देशातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक दारूगोळा साठा आहे. सरहद्दीवर तोफ गरजते तेव्हा तिचा पहिला धोका इथल्या कामगाराने आधीच अंगावर घेतलेला असतो. 30 आणि 31 मे 2016 च्या मधल्या रात्री पुलगावला आग लागली, तेव्हा ती विझवायला धावलेले अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. नोव्हेंबर 2018 मध्ये पुलगावजवळच जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले, त्यात आसपासच्या गावांतले मजूर होते. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. शहिदांच्या फलकांवर या लोकांची नावं सहसा नसतात. माझ्या मते असायला हवीत, आणि त्यांच्या घरच्यांना तोच मान मिळायला हवा.

डागलेला पण न फुटलेला गोळा हा वेगळाच विषय, थोडक्यात सांगतो. त्याच्या फ्यूजची कुलपं उघडलेली असतात. म्हणजे तो कारखान्यातल्या गोळ्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा. फायरिंग रेंजच्या आसपासच्या गावांत भंगारासाठी असे गोळे उचलून नेणारी, हातोडीने तांबं-पितळ काढणारी माणसं मेली आहेत, पोरंसुद्धा मेली आहेत. गंजलेला असला, अर्धा मातीत असला, वर्षानुवर्षं पडलेला असला तरी हात लावायचा नाही. लांब व्हायचं, जागा लक्षात ठेवायची, 112 ला फोन करायचा.

तुझ्या भावासाठी चार गोष्टी लिहून देतो. फोन झाला की त्याला वाचून दाखव.

प्लग कायम दोन जोड्या खिशात ठेव, एक हरवतेच. सराव नसेल तेव्हा कान पुसून कोरडे ठेव, नाशिकच्या पावसाळ्यात ओल्या प्लगने बुरशी येते. कानात शिट्टी एका दिवसाहून जास्त टिकली, किंवा गोळीबारानंतर डोकं दुखून उलटीसारखं झालं, तर लाजू नकोस, त्याच दिवशी एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाऊन नोंद कर. "सगळ्यांनाच होतं" असं म्हणणारे भेटतील. होतं सगळ्यांनाच, म्हणूनच नोंद कर.

ड्रिलमध्ये ज्या गोष्टी तुला फालतू वाटतील, त्या कोणासाठी आहेत हे उस्तादला, म्हणजे शिकवणाऱ्याला, विचार. चांगला उस्ताद चिडत नाही, कारण सांगतो. "थांब" हा हुकूम डिटॅचमेंटमधला कोणीही देऊ शकतो, सगळ्यात नवा पोरगासुद्धा. काही वेगळं दिसलं, वेगळं ऐकू आलं, तर ओरड. तुझ्या ओरडण्याने एखादा मारा उगाच थांबला तर कोणी तुला फाशी देत नाही.

आणि एक वही ठेव. तारीख, तोफ, चार्ज, किती गोळे, तू कुठे उभा होतास, एवढंच. भरतीच्या वैद्यकीय तपासणीतला ऐकण्याच्या चाचणीचा कागद मिळत असेल तर त्याची प्रत घरी पाठव, आणि पुढे वर्षातून एकदा चाचणी करून घ्यायचा आग्रह धर. चार वर्षांनी बाहेर पडलास किंवा पुढे कायम झालास, दोन्ही वेळी ते कागद कामाला येतात. सेवेतून सुटताना मेडिकल बोर्डापुढे माणूस नुसतं "मला कमी ऐकू येतं" म्हणतो तेव्हा त्याच्याजवळ सांगायला तारखा नसतात. तुझ्याजवळ असतील. ताई, ती प्रत तू घरी फाइलमध्ये लावून ठेव, आईच्या कपाटात नको, नाहीतर लग्नाच्या साड्यांखाली जाईल आणि वेळेवर सापडणार नाही.